सेवा म्हणजे फुकट राबणं का?

खामला_टू_हिंगणा: परवा इथल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, ‘मोठ्या मानवतावादी संस्थेत इंटर्नशिप मिळाली हेच भाग्य, मानधन विचारणं म्हणजे देवळात घासाघीस.’ दोन दिवस गप्प बसले. आता ऐका. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) सुट्टीत अशाच एका संस्थेत दोन महिने होते, नाव नको. पेट्रोल माझं, लॅपटॉप माझा, डेटा पॅक माझा. काम? वस्तीतल्या बायांचे अंगठे घ्यायचे आणि ते कागद स्कॅन करायचे. स्टॅम्पपॅडची जांभळी शाई नखांतून आठवडाभर निघायची नाही. शेवटच्या पंधरवड्यात टार्गेट आलं: नातेवाइकांकडून देणगी आणा, नाहीतर सर्टिफिकेट विसरा. मोठ्याईकडून पाचशे आणले. ही सेवा की गणपतीची वर्गणी?

धंतोलीचे_काका: तो ज्येष्ठ मीच. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमदान छावणीला आम्ही पदरचं भाडं भरून जायचो, पहाटे कुदळ हातात. कुणी व्हाउचर मागितलं नाही. रेडक्रॉसच्या 7 तत्त्वांतही स्वयंसेवा आहे, 1965 पासून. टार्गेट मात्र चूक, तेवढं तुझ्या खात्यात.

खामला_टू_हिंगणा: काका, छावणी आठवड्याभराची, हे दोन महिने. आणि ते तत्त्व पूर्ण वाचा ना: लाभाच्या इच्छेनं काम नको, एवढंच म्हटलंय. पेट्रोल हा लाभ? डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला 1999 मध्ये नोबेल मिळालं, तिथले डॉक्टर अन् ड्रायव्हर पगार घेतात. त्यांची सेवा बाटली का?

काहून_बे: मानधन जाऊ द्या राजेहो, वाटपाचं बोला. 23 सप्टेंबर 2023, आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो. घरात कमरेइतकं पाणी, फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. तिसऱ्या दिवशी मदतीची गाडी आली. मले काय भेटलं? शेरवानी. निसती वरची.

बर्डीचा_चहा: आम्हाला ब्लँकेट. आधी फोटो. मग परत फोटो, कारण बॅनरला घडी पडली होती.

धरमपेठ_पूर्व: यात संस्थेचा काय दोष? देणारेच कचरा देतात. आमच्या सोसायटीनं धुऊन, इस्त्री करून कपडे दिले होते.

काहून_बे: हो ना बापा, इस्त्री होतीच! खिशात लग्नपत्रिकाही होती.

धरमपेठ_पूर्व: फुकट घेऊन वर टोमणे.

काहून_बे: फुकट? गाळ उपसायला कोण आलं होतं, तुमची इस्त्री?

हिशेबनीस: भांडण बाजूला ठेवून एक सांगतो. परकीय देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा आधी 50 टक्के होती, 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर 20. मानधन द्यायचं कुठून?

खामला_टू_हिंगणा: जिथून साहेबांच्या गाडीचं डिझेल येतं तिथून. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. 2015 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक इंटर्न तंबूत राहत होता, पैसे मिळत नाहीत याकडे जगाचं लक्ष वेधायला. जागतिक सेवा!

हिशेबनीस: डिझेलचं मान्य. व्हाउचर मीच पास करतो, दुसऱ्या संस्थेत.

धंतोलीचे_काका: बरं पोरी, प्रवासखर्च द्यावा. पगार नाही म्हणजे नाही. आणि त्या शेरवानीचं काय झालं हो?

काहून_बे: भाच्यानं गॅदरिंगमध्ये घातली. मोगल सरदार झाला होता. खाली माझाच पायजमा.