मदत हवी आहे: सीआरटी (हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एकत्र आकुंचन पावावेत म्हणून लावतात तो पेसमेकर) बसवून पाच महिने, पेसिंग 97 टक्के, तरी जिना चढताना धाप का लागते?

धागाकर्ता:
नमस्कार. डिव्हाइस क्लिनिकमधल्या एका रुग्णाबद्दल जाणकारांचं मत हवं आहे.

पुरुष, वय 58. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (फुगून कमजोर झालेलं हृदय), अँजिओग्राफी नॉर्मल. आधीचं ईएफ (डावं व्हेंट्रिकल, म्हणजे खालचा कप्पा, दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) 25 टक्के, सायनस ऱ्हिदम (हृदयाचा नैसर्गिक ठेका), लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (डाव्या बाजूची विद्युतवाट अडलेली), क्यूआरएस (ईसीजीवर खालचे कप्पे उद्दीपित व्हायला लागणारा वेळ) 164 मिलिसेकंद. म्हणजे निवडीत खोट नाही. सीआरटी-डी (शॉकची सोय असलेलं यंत्र) बसवल्यावर सपाटीवर चालणं सुधारलं, पण दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचता पोचता धाप लागून थांबावं लागतं. आताच्या इकोत ईएफ 27.

सेटिंग: डीडीडी (वरचे-खालचे दोन्ही कप्पे सांभाळणारा मोड) 50 ते 130, सेन्स्ड एव्ही (वरच्या कप्प्याचा ठोका ओळखल्यापासून खाली पल्स सोडेपर्यंतचा वेळ) 170, पीव्हीएआरपी (खालच्या ठोक्यानंतर यंत्र वरच्या कप्प्याकडे दुर्लक्ष करतं तो काळ) 320, दोन्ही मिलिसेकंदांत आणि स्थिर. रुग्णाचं स्वतःचं एएस-व्हीएस अंतर (वरच्या कप्प्याच्या ठोक्यापासून खालच्या कप्प्याच्या स्वतःच्या ठोक्यापर्यंत) 190. एलव्ही (डावं व्हेंट्रिकल) थ्रेशोल्ड, म्हणजे ते उचलायला लागणारा किमान व्होल्टेज, 0.5 मिलिसेकंदाला 2.0 व्होल्ट, आउटपुट 2.5. व्हीटी झोन (ज्या दरापासून यंत्र धोकादायक वेगवान ठेका समजतं) 188 पासून. औषधं: सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि कार्व्हेडिलॉल 6.25 दिवसातून दोनदा. बीपी 108/70, बसल्या जागी नाडी 84.

काउंटर 97 टक्के बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग दाखवतो. यांना नॉन-रिस्पॉन्डर (सीआरटीचा फायदा न होणारे) म्हणायचं, की लीडची (हृदयातल्या पेसिंगच्या तारेची) जागा बदलायला पाठवायचं?

लीड_वन:
दोन्ही घाईचं होईल. काउंटर फक्त यंत्राने किती वेळा पल्स सोडली ते मोजतो. त्या पल्सने डावं व्हेंट्रिकल खरंच उचललं का, हे त्याला कळत नाही. तुमचं एव्ही 170 आणि स्वतःचं वहन 190, म्हणजे पल्स सुटेपर्यंत उजव्या बंडलमधून आलेल्या लहरीने सेप्टम केव्हाच ताब्यात घेतलेलं असतं. असे फ्यूजन (स्वतःची लहर आणि पल्स मिसळलेले) आणि स्यूडोफ्यूजनचे (पल्स सुटली पण तिचा काही उपयोग न झालेले) ठोके काउंटरवर 'पेस्ड' म्हणूनच चढतात.

बारा लीडचा ईसीजी काढा, रिदम स्ट्रिपवर भागणार नाही. चार नोंदी हव्यात: पेसिंग बंद, फक्त आरव्ही (उजवं व्हेंट्रिकल), फक्त एलव्ही, आणि दोन्ही. डावं व्हेंट्रिकल नीट उचललं जात असेल तर ईसीजीच्या लीड एकमध्ये सुरुवातीला क्यू किंवा पूर्ण क्यूएस (खाली जाणारी लहर) दिसतो आणि बहुधा व्ही-वनमध्ये आर (वर जाणारी लहर). व्ही-वनचा इलेक्ट्रोड चौथ्या फासळी-फटीतच लावा. एक फट वर गेला तर नसलेला आर दिसतो.

धागाकर्ता:
आजच काढला. एव्ही 170 ला लीड एक पूर्ण पॉझिटिव्ह, व्ही-वनमध्ये आरएस, क्यूआरएस 156. एव्ही 120 केल्यावर लीड एकमध्ये क्यू आला, व्ही-वनमध्ये आर, क्यूआरएस 138. फक्त एलव्ही पेसिंगलाही कॅप्चर (पल्सने व्हेंट्रिकल उचललं जाणं) नीट आहे.

लीड_वन:
मग पेसिंगच्या लीडला हात लावायची गरज दिसत नाही. मात्र फ्यूजन सरसकट वाईट नसतं. काही अल्गोरिदम उजव्या बंडलचं स्वतःचं वहन मुद्दाम वापरून फक्त एलव्ही पेस करतात आणि त्यात क्यूआरएस आणखी अरुंद होतो. इथे 164 चं जेमतेम 156 झालं होतं, म्हणून हे फ्यूजन कामाचं नव्हतं. एव्ही 120 ला मायट्रल इनफ्लो डॉप्लर बघून ठेवा. ए वेव्ह (वरच्या कप्प्याने ढकललेला रक्तप्रवाह) अर्ध्यातच कापली जात असेल तर 10-10 ने वाढवा.

टीएआरपी:
धापेचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. एव्ही 170 अधिक पीव्हीएआरपी 320 म्हणजे 490. साठ हजार भागिले 490, साधारण 122. अप्पर ट्रॅकिंग (वरच्या कप्प्यामागे यंत्र धावू शकेल ती कमाल मर्यादा) 130 लावलंय खरं, पण यंत्र 122 च्या पुढे जाऊच शकत नाही. सायनस त्यापुढे गेला की पी वेव्ह (वरच्या कप्प्याच्या ठोक्याची लहर) पीव्हीएआरपीत पडते, यंत्र तिला ट्रॅक करत नाही, ती स्वतःच्या वाटेने खाली उतरते आणि लेफ्ट बंडल ब्लॉक परत येतो. तो व्हीएस (खालच्या कप्प्याचा स्वतःचा, पेस न केलेला) ठोका नवी पीव्हीएआरपी सुरू करतो, पुढची पी पुन्हा त्यातच सापडते. आता सुटका व्हायला 320 अधिक 190, म्हणजे 510 चं अंतर लागतं. नाडी 117 च्या खाली येईपर्यंत रीसिंक्रोनायझेशन बंद. जिन्यावरची मिनिटं दिवसाच्या हिशेबात इतकी थोडी, की 97 टक्क्यांत ती दिसतच नाहीत. याचा मला नेहमी राग येतो: रुग्णाला ज्या क्षणी यंत्राची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच ते बाजूला होतं, आणि रिपोर्ट चांगला येतो.

रेट हिस्टोग्राममध्ये 120 च्या वरच्या रकान्यांत व्हीएसचं प्रमाण बघा.

धागाकर्ता:
बघितलं. 120 च्या वर बहुतेक व्हीएसच आहेत. पीव्हीएआरपी किती खाली न्यावी? पेसमेकर-मीडिएटेड टॅकिकार्डियाची (यंत्रामुळेच नाडी वेगात फिरत राहण्याची) भीती वाटते.

टीएआरपी:
भीती योग्य आहे. आधी व्हीव्हीआयमध्ये (फक्त खालचा कप्पा पेस करणारा मोड) रुग्णाच्या दरापेक्षा थोडं वर पेस करून उलटं वहन (खालून वरच्या कप्प्याकडे) आहे का ते तपासा. असेल तर व्हीए अंतरापेक्षा (लहर उलटी वर पोचायला लागणाऱ्या वेळापेक्षा) पीव्हीएआरपी साधारण 50 ने जास्त ठेवा, त्याखाली नको. नसेल तर 260 चालेल: 120 अधिक 260, म्हणजे 380, मर्यादा 158. मग अप्पर ट्रॅकिंग 140 करता येईल. व्हीटी झोन 188 ला असल्याने पुरेसं अंतर राहतं. व्यायामात एव्ही आणि पीव्हीएआरपी आपोआप आखूड होण्याची सोय असेल तर चालू करा. पीव्हीसीनंतर (खालच्या कप्प्यातून अवेळी येणाऱ्या ठोक्यानंतर) पीव्हीएआरपी लांबवणारं फीचर आहे का तेही बघा. एका पीव्हीसीने हेच कुलूप पुन्हा लागू शकतं, म्हणून अशा वेळी ट्रॅकिंग परत मिळवून देणारा अल्गोरिदम असेल तर तोही चालू ठेवा. बदल झाल्यावर रुग्णाला टेलिमेट्रीवर प्रत्यक्ष जिना चढवून बघा.

कोरोनरी_सायनस:
दोन गोष्टी राहिल्या. 2.0 च्या थ्रेशोल्डला 2.5 चं आउटपुट फार काठावर आहे. क्वाड्रिपोलर (चार इलेक्ट्रोडची) लीड असेल तर दुसरे व्हेक्टर (इलेक्ट्रोडच्या जोड्या) तपासा किंवा पल्स विड्थ 1.0 करा. आउटपुट वाढवल्यावर डाव्या कुशीवर झोपवून, दीर्घ श्वास घ्यायला लावून डायफ्राम उडतो का बघा. फ्रेनिक नर्व्हचा (डायफ्राम हलवणाऱ्या नसेचा) त्रास पाठीवर झोपलेल्या रुग्णात लपून राहतो.

दुसरं, कार्व्हेडिलॉल 6.25 वर का अडकलंय? नाडी 84 आहे, आणि आता ब्रॅडिकार्डियाला यंत्राचा आधार आहे. बीपी आणि फुप्फुसातलं पाणी बघून दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत न्या. नाडी उतरली की वरच्या मर्यादेशी गाठच कमी पडेल. 24 तासांचं होल्टरही एकदा करा. पीव्हीसी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर निघाल्या तर तो वेगळा विषय, इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे पाठवा.

इको लगेच नको. नव्या सेटिंगवर सहा महिने जाऊ द्या आणि ईएफसोबत एंड-सिस्टोलिक व्हॉल्यूमही (आकुंचनानंतर डाव्या व्हेंट्रिकलमध्ये उरलेलं रक्त) मोजा. तो 15 टक्के किंवा जास्त उतरला तर प्रतिसाद धरायचा.