स्मिथ म्हणजे नुसता लोहार नव्हे

'स्मिथ' या आडनावाचा अर्थ कुणी विचारला की 'लोहार' म्हणून आपण मोकळे होतो. परवा भाचीनं विचारलं, "मग गोल्डस्मिथ म्हणजे सोन्याचा लोहार का रे मामा?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि उत्तर आपल्याच भाषेत निघालं.

जुन्या इंग्रजीत धातूचं काम करणारा तो स्मिथ. पण या शब्दाच्या भावंडांचा पैस मोठा आहे. आइसलँडमध्ये आजही सुताराला 'त्र्येस्मिदुर' म्हणतात, म्हणजे लाकडाचा स्मिथ, आणि जोडे करणाऱ्याला 'स्कोस्मिदुर'. थोडक्यात, स्मिथ म्हणजे मुळात घडवणारा. आता आपले शब्द पाहा: लोहकाराचा लोहार झाला, सुवर्णकाराचा सोनार, कुंभकाराचा कुंभार, चर्मकाराचा चांभार. 'कार'मधला क गळाला आणि 'आर' उरला. इंग्रजीतला स्मिथ म्हणजे हाच आपला 'आर'! लोखंड हा काळा धातू म्हणून ब्लॅकस्मिथ, कथलाचं काम करणारा व्हाइटस्मिथ, कुलपं करणारा लॉकस्मिथ.

आडनावांत तर याची फार सुंदर रूपं आहेत. ॲरोस्मिथचे पूर्वज बाणांची टोकं घडवत. नेस्मिथचे सुऱ्या, १८९१ साली बास्केटबॉल सुरू करणारे जेम्स नेस्मिथ याच आडनावाचे. 'शूस्मिथ' मात्र फसवतो. आइसलँडच्या 'स्कोस्मिदुर'चा शब्दशः जुळा, पण हा चांभार नव्हे, घोड्याचे नाल करणारा.

हे आडनाव इतकं पसरलं, कारण भात्यावाचून गाव चालत नसे. नांगराचा फाळ, विळा, नाल, सगळं तिथूनच. म्हणून हीच गोष्ट सगळीकडे दिसते: जर्मन श्मिट, रशियन कुझनेत्सोव, हंगेरियन कोवाच, अरबी हद्दाद. अमेरिकेत गेलेले कित्येक श्मिट पुढे स्मिथ झाले. गोव्यातलं फरेरा थोडं वेगळं. ते पोर्तुगीज आडनाव लोखंडाच्या जागेवरून, खाणीवरून किंवा भट्टीवरून आलेलं. माणसाच्या धंद्यावरून नव्हे.

'स्मिदरीन्स' म्हणजे ठिकऱ्या, हा शब्द मात्र या घरातला नाही. तो आयरिश भाषेतून आला, हातोड्याशी त्याचं नातं जोडू नये.

राहता राहिला 'वर्डस्मिथ'. त्याला 'शब्दप्रभू' म्हणणं मला पटत नाही. प्रभू हुकूम सोडतो, हा तर ऐरणीशी बसून शब्द ठोकून पाहतो. मी 'शब्दकार' लिहितो. भाचीला 'शब्दार' जास्त आवडला.