न दिसलेला ॲनाफेज जर्नलमध्ये का काढायचा?

कळवानाका: भाऊ ठाण्यात एफवाय बीएस्सीला आहे. परवा त्याचं जर्नल चाळलं. कांद्याच्या मुळाची स्लाइड, आणि खाली ॲनाफेजची (पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) देखणी आकृती. विचारलं, "दिसला का रे हा?" तर म्हणे, "छे, सगळा इंटरफेजच (विभाजन सुरू नसतानाची अवस्था) होता. दिसलं तेच आधी काढलेलं, पण लाल शेरा मारून परत आलं. मग सीनियरच्या जर्नलवरून उतरवला."

म्हणजे पहिल्याच वर्षी खोटं लिहायची सवय. थिअरीतही तीच गत. 'पेशीपटल द्रवासारखं, सिंगर-निकोल्सन, १९७२' एवढं पाठ. त्याआधी १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन या शास्त्रज्ञांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एकच केली आणि रंग लावलेल्या अँटिबॉडी (ठराविक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) वापरून पटलावरची प्रथिनं दोन चमकत्या रंगांत पाहिली. आधी अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. ४० मिनिटांत रंग मिसळून गेले. थंडीत ठेवल्यावर मात्र अडले. हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. कोष्टकं नंतर घोका.

नेरूळच्या_बाई: अगं, मी २८ वर्षं हेच शिकवलंय. बॅचला वीस मुलं, चालू सूक्ष्मदर्शक सहा. मुळं कोमट आम्लात मऊ करायची, रंग चढवायचा, कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या बुडाने ठोकायचं, मग अंगठ्याने दाबायचं. कव्हरस्लिप जरा सरकली की पेशींचा गोळा. त्यात मुलं टोकाचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा टाकून वरचा भाग घेतात, तिथे विभाजन जवळपास नसतंच! म्हणून आकृती काढून घ्यायची. हाताखालून दहादा गेलेला ॲनाफेजच पुढे डोळ्याला ओळखू येतो. आणि तुझी फ्राय-एडिडिनची गोष्ट छान आहे, पण अँटिबॉडी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेल्या पोराला ती जादूचा खेळ वाटेल. आधी बाराखडी.

वाशी_लॅबवाला: रोज रक्ताच्या स्लाइड बघतो. बाईंशी अर्धा सहमत. आमच्या पुस्तकातला न्यूट्रोफिल (एक पांढरी रक्तपेशी) कायम तीन पाळ्यांच्या केंद्रकाचा. प्रत्यक्षात दोनपासून पाचपर्यंत काहीही. लॅबमध्ये आलो तेव्हा सुरुवातीचे कित्येक दिवस मी पुस्तकातलाच शोधत बसायचो आणि सरांच्या शिव्या खायचो.

सेम_टू: सगळं खरं, पण पेपरात 'मायटोकॉन्ड्रियाची नावे दिलेली आकृती काढा' येतं. मार्क त्याला आहेत. सकाळची लोकल पकडायची की कांदे पाण्यात ठेवत बसायचं?

कळवानाका: सेम_टू, तुझा दोष नाही, पेपर काढणाऱ्यांचा आहे.
बाई, सहा सूक्ष्मदर्शकांचं मान्य. भावाला आत्ताच विचारलं: त्याने वरचाच तुकडा घेतला होता. म्हणजे लाल शेऱ्याऐवजी 'टोक घे' एवढे दोन शब्द पुरले असते. शिवाय इंटरफेज जास्त दिसणं चूक कशी? पेशी बहुतेक वेळ असते त्यातच. स्लाइड नेमकं तेच सांगत होती, आणि आपण ते खोडायला लावलं.

नेरूळच्या_बाई: हे मात्र लागलं. असे शेरे मीही मारलेत, साठ जर्नलं एका दुपारी तपासायची असली की होतं तसं. तरी आकृत्या बंद करा हे मी ऐकणार नाही. डावीकडे दिसलेलं, उजवीकडे पुस्तकातलं, खाली 'पुस्तकावरून' असं स्पष्ट लिहून. त्यावर मी सही दिली असती.

कळवानाका: चालेल. पण डावीकडचं रिकामं असलं तरी सही हवी.

नेरूळच्या_बाई: रिकामं नाही चालणार. इंटरफेज तरी काढ म्हणावं!

सेम_टू: बाई, माझं सबमिशन सोमवारी आहे. आज रात्री कांदा ठेवला तर मुळं येतील का?

नेरूळच्या_बाई: आज गुरुवार ना? येतील. जुनी वाळकी मुळं खरवडून काढ, कांदा ग्लासच्या तोंडावर बसव, बूड पाण्याला जेमतेम टेकू दे. पाणी रोज बदल. मुळं सकाळी तोड, आणि टोक घे रे बाबा.