समुद्रातल्या भूकंपाची ‘तीव्रता’ जाणवली कोणाला?

परवा टीव्हीवर खालून पट्टी सरकत होती : ‘बंगालच्या उपसागरात ४.३ तीव्रतेचा भूकंप, जीवितहानी नाही.’ मुलगी म्हणाली, बाबा, भर समुद्रात ही तीव्रता जाणवली कोणाला, माशांना? हसलो, पण अडकलोही. नागपुरात बसून समुद्राची पंचाईत कशाला म्हणाल, पण शब्द आपलाच आहे ना. तीव्रता म्हणजे नेमकं काय?

—

पोरगी बरोबर बोलली. वर्गात भूगोल शिकवताना आम्ही दोन शब्द वेगळे ठेवायचो. भूकंप मुळात किती मोठा, ते परिमाण. ते एका भूकंपाला एकच, यंत्रांच्या नोंदींवरून काढलेलं. कुठल्या गावात किती हादरलं, ती तीव्रता. ती गावागणिक बदलते. कूलरची मोटर एकच असते, पण दारातल्या खाटेवरचा गारवा वेगळा आणि आतल्या खोलीतला वेगळा, तसं. तीव्रतेसाठी मर्कालीची बारा पायऱ्यांची पट्टी आहे. भांडी वाजली का, भिंतीला तडे गेले का, यावर पायरी ठरते. भर समुद्रात ना भांडी, ना भिंती. तेव्हा ४.३ हे परिमाणच.

—

काका, २२ मे १९९७ आठवतो? पहाटे सव्वाचारच्या आत-बाहेर. आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो. लोखंडी खाट करकरली आणि माठावरचा स्टीलचा पेला झाकणीवर खणखणला. आई मांजराला हाकलायला उठली! सकाळी कळलं, जबलपूरला ५.८. तिकडे घरं पडली, माणसं गेली. मग आमच्या पेल्याचा आकडा किती?

—

ताई, भांडी खणखणणं म्हणजे मर्कालीची चौथी पायरी. गोंधळ नको म्हणून ती रोमन आकड्यांत लिहितात. परिमाणाचं गणित निराळं : एक अंक वाढला की यंत्रावर उमटणाऱ्या भूकंपलाटेची उंची दहापट, ऊर्जा सुमारे ३२ पट. जबलपूरच्या ५.८ मध्ये या ४.३ च्या पावणेदोनशे पट ऊर्जा होती. आणि रिश्टर स्केल हे यंत्र नव्हे राजेहो, मोजपट्टी आहे. १९३५ ची, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी केलेली. मोठ्या भूकंपांना आता मोमेंट मॅग्निट्यूड नावाची मोजपट्टी लावतात, पण आपल्या बातम्यांतून रिश्टर काही हलत नाही.

—

फरक पटला, ‘परिमाण’ नाही पटला. मराठीत परिमाण म्हटलं की वजनमापं आठवतात. मी म्हणतो शब्दच गाळा. ‘१०२ ताप’ म्हणतो, ‘तीन एचपीची मोटर’ म्हणतो, तसा ‘४.३ चा भूकंप’. काय अडलं?

—

चालेल की. फक्त बातम्यांत येणाऱ्या ‘केंद्रबिंदू १० किमी खोल’ यावरही एक नजर टाका. खोल असते ती भूकंपाची नाभी; तिच्या बरोब्बर वर, पृष्ठभागावर असतं ते अपिकेंद्र. बातमीत दोघांचा मिळून एकच केंद्रबिंदू होतो. आणि तो १० चा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतोच. खोली नीट निघाली नाही की १० किमी धरून चालतात.