जँगो: कुणी हात न लावता काम ‘झालं’ दाखवतंय, मंडळात भांडणं लागलीत

रावपुऱ्याची हिशेबनीस
नमस्कार. दिवसा दुकानाच्या वह्या लिहिते, रात्री जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) शिकते, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमच्या गणेश मंडळाची कामं दरवर्षी कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर असतात. बुंदीचा हात लागला की अर्धी यादी वाचता येत नाही. म्हणून यंदा छोटं ॲप केलं: काम, कुणाकडे, कधीपर्यंत, झालं की नाही. पासवर्ड लक्षात ठेवणारं आमच्यात कुणी नाही, म्हणून लॉगिन ठेवलंच नाही. सकाळी त्या दिवसाच्या कामांच्या लिंक मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. काम झालं की लिंक दाबायची, हिरवी खूण येते.

मंगळवारी ‘मांडववाल्याला बयाणा देणे’ हिरवं झालं. शुक्रवारी मांडववाल्याचाच फोन, ‘बेन, बानुं क्यारे आपशो?’ (ताई, बयाणा कधी देणार?) ज्या काकांकडे ते काम होतं ते शपथेवर सांगतात की लिंकला बोटही लावलं नाही. सगळे त्यांच्यावर उखडले, मीसुद्धा. आणि काल माझंच काम, ‘वाजंत्रीवाल्यांना सांगणे’, हिरवं! मी तर सांगितलं नव्हतं. व्ह्यू, म्हणजे लिंक उघडली की चालणारा कोड, तीन ओळींचा आहे: काम शोधा, ‘झालं’ करा, सेव्ह करा. यात चुकायला जागा कुठे आहे?

पायथनपंत
ताई, सगळीच कामं हिरवी होतात की ठरावीक? आणि किती वाजता?

रावपुऱ्याची हिशेबनीस
तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, रोज यादीतलं पहिलंच. वेळ मी साठवत नव्हते, म्हणून सर्व्हरचा लॉग (कोणी कधी पान मागितलं याची नोंद) काढला. आज 7:12 ला झालं. पण ग्रुपवर मेसेज गेलाय 7:14 ला! मधली दोन मिनिटं मी ‘सुप्रभात’ आणि फुलं टाकत होते.

पायथनपंत
मग काका निर्दोष. लॉगच्या त्याच ओळीत ब्राउझरच्या जागी ‘व्हॉट्सॲप’ लिहिलेलं सापडेल. लिंक पेस्ट केली की मथळ्याचं ते छोटं कार्ड बनवायला व्हॉट्सॲप तुमच्याच फोनवरून ते पान मागवतं, पाठवायच्या आधीच. कार्ड एकाच लिंकचं बनतं, पहिल्या. आणि तुमच्याकडे पान मागवणं म्हणजेच काम संपवणं.

ब्राउझर सर्व्हरकडे दोन तऱ्हेने मागणी करतो: लिंक उघडली की गेट, फॉर्म पाठवला की पोस्ट. गेट फक्त बघायला, बदल करायचा तर पोस्ट. लिंक उघडली की कामाचं पान दिसू दे, खाली ‘झालं’ बटण, आणि ते बटण पोस्टच्या फॉर्ममध्ये. ‘झालं’ करणारा व्ह्यू वेगळा ठेवून त्याच्यावर रिक्वायर_पोस्ट लावा, म्हणजे त्याची नुसती लिंक कुणीही उघडली तरी 405 (‘ही पद्धत चालत नाही’) मिळेल. ‘झालं की नाही’ याऐवजी ‘कधी झालं’ हा रकाना ठेवा, रिकामा म्हणजे बाकी. पुढच्या भांडणात उपयोगी पडेल.

मांडवीची माई
चूक जुनीच आहे, हिशेबनीस, मनाला लावून घेऊ नकोस. 2005 साली गूगलने ‘वेब ॲक्सेलरेटर’ काढला होता. पानं लवकर उघडावीत म्हणून तो पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचा. ‘डिलीट’च्या साध्या लिंकसुद्धा! बॅकपॅक नावाची नोंदी ठेवायची वेबसाइट वापरणाऱ्यांच्या नोंदी आपोआप उडायला लागल्या. खुद्द जँगोतही लॉगआउट बरीच वर्षं नुसत्या लिंकने व्हायचं. 4.1 आवृत्तीत ते जाणार म्हणून इशारा आला आणि 5.0 पासून पोस्टशिवाय होत नाही. मी जुना प्रकल्प 5.0 वर नेला तेव्हा आमचं ऑफिस अर्धा दिवस लॉगआउटच होऊ शकलं नाही.

लॉगिन नाही तर निदान ‘कोणी केलं’ तेवढं नाव निवडायला लावा. लिंक कुणीही कुठेही फॉरवर्ड करतं.

रावपुऱ्याची हिशेबनीस
झालं! आधी 403 ने (‘परवानगी नाही’) दारातच अडवलं, फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय याची गुप्त खूण) टाकायचं विसरले होते. ते टाकलं, मग बटण चाललं. मुद्दाम तीच लिंक पेस्ट करून फुलांसह पाच मिनिटं थांबले, काम लालच. काकांकडे सेव-उसळ घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी उसळ संपवली आणि म्हणाले, बटण मोठं कर, चष्मा नसताना दिसत नाही.

जाता जाता एक. एक आजोबा पहाटे पाचला फिरायला निघण्याआधी ‘आजची कामं’ उघडतात आणि त्यांना कालची दिसतात. साडेपाचनंतर बरोबर येतं. आता हे भूत कुठलं?

पायथनपंत
नवीन प्रकल्पात जँगो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, आपण साडेपाच तास पुढे. सेटिंग्जमध्ये टाइम झोन एशिया/कोलकाता करा, आणि आजची तारीख टाइमझोनच्या लोकलडेटने काढा. बटण मोठं केलंत का?