१५००डी सोबत दुसरी लेन्स कोणती? आणि फिल्टरचा संच घ्यावा का?

प्रश्न (नवा_सातारकर)

कॅननची १५००डी घेतली आहे. सोबत १८-५५ आयएस २ ही किट लेन्स आली. तीन कामं डोळ्यांसमोर आहेत: सप्टेंबरात कासची फुलं, पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा, आणि घरातली बारशी-मंगळागौर. घरात ट्यूबलाइटखाली फोटो हलतात किंवा दाणेदार येतात.

दुकानात १८-३०० सारखी एकच लेन्स घ्या म्हणतात. ऑनलाइन ५८ मिमीचा फिल्टरचा संच स्वस्तात दिसतोय, त्यात यूव्ही, पोलरायझर, एनडी, क्लोजअपच्या चार काचा आणि रंगीत फिल्टर आहेत. एकूण बजेट वीस-बावीस हजार. कशापासून सुरुवात करावी? आणि काच वाचवायला यूव्ही लावलाच पाहिजे का?

प्रतिसाद १ (रानफुलं)

१८-३०० नको. तिसऱ्या कामाची तुमची खरी अडचण उजेडाची आहे आणि ही लेन्स तिथे काहीच मदत करत नाही. झूम केलं की तीही एफ ५.६ किंवा ६.३ वरच येते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी).

कासच्या फुलांसाठी नवीन लेन्स घेण्याआधी हातातली नीट वापरून बघा. १८-५५ ही ५५ मिमीवर सेन्सरपासून २५ सेंमीपर्यंत फोकस करते आणि मोठेपण ०.३४ पट मिळतं. म्हणजे साधारण ६६ मिमी रुंदीची जागा पूर्ण चौकटीत येते. तेरड्याच्या फुलाला किंवा गेंदाच्या झुबक्याला एवढं पुरतं. हे २५ सेंमी काचेपासून नव्हे, कॅमेऱ्यावर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते तिथपासून मोजायचे. त्यामुळे फूल आणि काच यांत वीतभरही अंतर उरत नाही आणि स्वतःची सावली फुलावर पडते. उजेड बाजूने येईल असं बसा.

नाण्याएवढ्या दवबिंदूसाठी (चिकट थेंबांनी किडे पकडणारं रोप) मात्र १२ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब घ्या. तिच्यात काच नसते, ती लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते. ५५ मिमीवर मोठेपण सुमारे ०.५६ पटीवर जातं आणि चौकट ४० मिमीवर येते. घेताना आत सोनेरी संपर्कबिंदू आहेत ना ते पाहा. ते नसलेली ट्यूब स्वस्त असते, पण कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं लहानमोठं होणारं छिद्र) विजेवर चालतं. संपर्क नाही म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडंच राहतं आणि फुलाची एक पाकळी स्पष्ट, बाकी सगळं धूसर. संचातल्या क्लोजअप काचांपैकी +१० च्या काचेने कडांना जांभळी-हिरवी किनार येते, ती वापरण्याजोगी नसते.

आणि वाटेवरूनच फोटो काढा. एका फोटोसाठी पुढे टाकलेलं पाऊल शंभर रोपं चिरडतं.

प्रतिसाद २ (मंद_उजेड)

घरातल्या कार्यक्रमांबद्दल. सगळे तुम्हाला ५० मिमी एफ १.८ एसटीएम सुचवतील. लेन्स उत्तमच आहे: किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत होता तिथे ६४० च्या आसपास भागतं. पण १५००डीच्या सेन्सरवर ५० मिमी ही ८० मिमीसारखी दिसते. तीन मीटरवरून जेमतेम १.३ मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे दोन माणसं. पाळण्याभोवती जमलेल्या दहा बायका त्यात बसायच्या नाहीत आणि मागे सरकायला भिंत आडवी येते.

२४ मिमी एफ २.८ एसटीएम त्याच अंतरावरून २.८ मीटर घेते. उजेड ५० पेक्षा कमी, पण २४ मिमीवरच्या किट लेन्सच्या साधारण दुप्पट. नवी मिळाली नाही तर वापरलेली बघा.

कोणती घ्यायची ते आधी पैसे न घालता ठरवा. किट लेन्स ५० मिमीच्या जवळपास चिकटपट्टीने पक्की करा आणि एक संध्याकाळ घरात त्यावरच फोटो काढा, दुसऱ्या दिवशी २४ च्या खुणेवर. बाळाचे आणि चेहऱ्यांचे फोटो जास्त आवडत असतील तर ५०, माणसांचा गोतावळा हवा असेल तर २४. माझं मत २४ कडे झुकतं.

शटर मात्र १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको. आयएस तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, फुगडी घालणाऱ्या बाईला थांबवत नाही.

प्रतिसाद ३ (धबधबा)

संच घेऊ नका. त्याच पैशांत, किंवा थोडे घालून, एकच चांगला वर्तुळी पोलरायझर आणि एक एनडी ८ (उजेड आठव्या हिश्श्यावर आणणारी काळसर काच) घ्या. रंगीत फिल्टर तर डिजिटल कॅमेऱ्याला निरुपयोगी, ते काम नंतर संगणकावर होतं.

पोलरायझर ओल्या खडकावरची आणि पानांवरची पांढरी चमक काढतो. ही गोष्ट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट साधत नाही, म्हणून हा फिल्टर सर्वांत आधी. तो दीड ते दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ढगाळ हवेत आयएसओ १०० आणि एफ ११ वर १/३० येत असेल तर पोलरायझरने १/८ होतं. त्यावर एनडी ८ चढवला की एक सेकंद. ठोसेघरच्या धारेला १/४ ते १ सेकंद छान. त्याहून जास्त केलं की पाण्याचा पोत जाऊन नुसता कापूस दिसतो. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आयएस बंद. व्ह्यूफाइंडरवर टोपी किंवा कापड टाका, मागून शिरलेला उजेड मीटरला फसवतो.

दवबिंदूसाठी पोलरायझर काढून ठेवा. त्याच्या चिकट थेंबांची चमक हीच त्या फोटोची जान, ती पोलरायझर मारतो.

यूव्हीबद्दल: सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. समुद्राचे तुषार किंवा धूळ असेल तेव्हा यूव्ही लावा, एरवी हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) जास्त कामाचा, धक्काही तोच झेलतो. असलेला यूव्ही तपासायचा तर रात्री रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या एका कोपऱ्यात ठेवून फोटो घ्या. समोरच्या कोपऱ्यात दिव्याचं हिरवट भूत (प्रतिबिंब) दिसलं तर फिल्टर हलक्या दर्जाचा आहे.

नवा_सातारकर

मित्राकडून पोलरायझर आणून लावला. फिरवून चमक जाते, पण शटर अर्धं दाबलं की परत येते. फिल्टर खराब आहे का?

धबधबा

फिल्टर ठीक आहे. १८-५५ आयएस २ चं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं आणि त्याबरोबर पोलरायझरही. एसटीएम (वेगळ्या मोटरच्या) प्रकारात हे होत नाही. तुम्ही असं करा: आधी फोकस घ्या, मग लेन्सवरची कळ एमएफवर (हाताने फोकस) सरकवा. डाव्या हाताने लेन्सचं तोंड हलकं धरा आणि उजव्या हाताने फक्त पोलरायझरचं पुढचं कडं फिरवा. मग लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर) १० पट मोठं करून फोकस हलला नाही ना ते पाहा. कॅमेरा आडव्याचा उभा केला की पोलरायझर पुन्हा जुळवावा लागतो.

फिल्टर चढवता-उतरवतानाही कळ एमएफवरच हवी, नाहीतर पीळ आतल्या मोटरच्या दातऱ्यांवर येतो. फिल्टर अडकला तर चिमटीत धरू नका, दाबाने कडं लंबगोल होतं आणि जास्तच रुततं. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळून तळव्याने, न दाबता, डावीकडे फिरवा.

रानफुलं

५० मिमीचा आटा ४९ चा आहे, किट लेन्सचा ५८ चा. ५० घेतलीत तर ४९ वरून ५८ ची स्टेप-अप रिंग घ्या, म्हणजे तोच पोलरायझर दोन्हीवर चालेल. पितळी मिळाली तर ॲल्युमिनियमपेक्षा बरी, कमी अडकते. रिंग लावल्यावर ५० चा हूड बसणार नाही हे लक्षात ठेवा.

बजेटमधले काही रुपये घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक यांना ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. कासच्या धुक्यातून आलेली लेन्स तशीच चामड्याच्या बॅगेत ठेवली की बुरशी येते. महिन्यातून एकदा लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती लेन्स त्या डब्यातून लगेच वेगळी काढा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.