लोकवर्गणीवर पीएचडी करावी का? पुढं पोटापाण्याचं काय?

गोदाकाठचा: परभणीकडचाय, समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालं, प्राध्यापकीची सेट परीक्षा निघाली. डोक्यात विषय असाय की गावात पैसा जमतो कसा अन् तो कशावर खर्चायचा हे ठरवतं कोण. आमच्याकडं सप्त्याची घरटी पट्टी आठ दिवसांत जमा होती, अन् शाळेच्या पत्र्यांसाठी दोन वर्षं पावतीपुस्तक फिरायलंय. गाईड म्हणाले हा काय विषयय, बचत गट घे. सीएसआर, म्हंजी कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा, घ्यावं का मग? अन् पुढं नोकरी?

जुनी_वही: सीएसआरवर गर्दीय बाबा, २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के लावले तवापासून. वर त्यातच लिहिलंय की कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य, मग कारखान्यांच्या वाळूज-शेंद्र्याला मिळंल, तुमच्याकडच्या सोनपेठला कोण देतंय? लोकवर्गणीच घे. फक्त जपून, थिअरी सगळी परदेशातली. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९१४ ला कम्युनिटी फाउंडेशन निघालं, त्यात मुद्दल ठेवून व्याजातून वाटतात, आपली पट्टी जमली की सप्त्यातच संपती. दोन्हीला एकच शब्द लावला की व्हायवाला धरतील.

तासिकावाला_सर: नोकरीचं खरं सांगू का, पर्मनंट जागा निघंनात, मी स्वतः सीएचबीवर, म्हंजी तासावर पगार. तरी विषय वेळेवरचाय. २०२० ला एफसीआरए, म्हंजी परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी पैसा घेतलेल्या मोठ्या संस्थेला तो पुढं छोट्या संस्थेला देता येईना, म्हणून गावातला पैसा किती अन् कुणाच्या हातात हे आता संस्थावालेच विचारायलेत. समाजशास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या आयसीएसएसआरची फेलोशिप भर, तुळजापूरच्या टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) मधी जाऊन बोल.

जुनी_वही: अन् डेटा म्हणशील तर नोंदणीकृत ट्रस्टचे हिशोब धर्मादाय कार्यालयात बघायला मिळतील, गणेश मंडळं वर्गणीसाठी तिथूनच कलम ४१क ची परवानगी काढतात तेवढं. सप्त्याची वही पंचाच्या घरी, ट्रंकेत. मला एका गावात चार महिने दाखवली नाही, इन्कम टॅक्सचा माणूस समजले, शेवटी पंगतीत वाढायला उभा राहिलो तवा कुठं हातात आली, त्यात पण कुणी किती दिले एवढंच, कुणाच्या सांगण्यावरून खर्च झाला ते नाही. ते पारावर बसून ऐकावं लागतं.

गोदाकाठचा: वही सोपीय मला, पंचात चुलतेच आहेत 😅 चालंल का?

जुनी_वही: चालंल की. पण थिसिसमधी पहिल्याच प्रकरणात लिही चुलते आहेत म्हणून, अन् दुसरं एक गाव असं घे जिथं तुला कुणी ओळखत नाही.